संहिता आणि तिचे बदलते अधिष्ठान : संचयन-यंत्रणांच्या नूतनीकरणाचा इतिहास

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला संहिता आणि तिचे अधिष्ठान यांचे नाते नव्याने सांगावे लागत नाही. ताडपत्राला कीड लागते, कागद ठिसूळ होतो, कधी शाईच कागदाला खाते. म्हणून संहिता टिकवायची तर ती पुन्हा पुन्हा उतरवून घ्यावी लागते. संगणकीय संग्रहांचा विचार करताना मात्र हे जुने शहाणपण बाजूला पडते. ग्रंथ एकदा ‘डिजिटल’ झाला की कायमचा सुरक्षित झाला, असा समज विद्यापीठांत आणि ग्रंथालयांत बराच रूढ आहे. मोठ्या संचयन-यंत्रणांचा गेल्या सात दशकांचा इतिहास या समजाच्या विरुद्ध साक्ष देतो. या काळात माध्यमे एकामागून एक मागे पडत गेली. टिकली ती माध्यम वेळेवर बदलण्याची पद्धत.

सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने ‘३०५ रॅमॅक’ हा संगणक जाहीर केला. त्याला जोडलेल्या ‘३५०’ या डिस्क-संचात प्रत्येकी २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरचिन्हे मावत. एका मध्यम आकाराच्या ग्रंथाचे काही खंड साठवण्यासाठी जवळपास एक टन वजनाचे यंत्र लागे. येथे मजकूर आणि यंत्र एकजीव होते. १९६२ च्या ‘१३११’ या यंत्रात तबकड्यांचा गठ्ठा काढून दुसरा बसवता येऊ लागला, आणि डिस्कवरचा मजकूर प्रथमच यंत्राबाहेर पडू शकला. १९७३ मध्ये ‘विंचेस्टर’ या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या ‘३३४०’ ने तबकड्या आणि त्यांवरून वाचणारी-लिहिणारी शीर्षे एकाच बंद पेटीत घातली. धुळीपासून संरक्षण हा त्याचा एक हेतू होता; परंतु तंत्राची पुढची वाटही त्यातून सूचित झाली. बंद पेटीतील भाग जागेवर उघडून दुरुस्त करण्याचा प्रश्न मागे पडला. बिघडलेली पेटी काढून दुसरी बसवणे, ही हळूहळू रीत झाली.

या रीतीला सैद्धांतिक अधिष्ठान मिळाले ते १९८८ मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी त्या वर्षी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक लहान, स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात आणि त्यांतील एखादी निकामी होणार हे गृहीत धरूनच रचना करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. या रचनेला ‘रेड’ हे नाव मिळाले. तिच्या एका प्रचलित प्रकाराचे मर्म साध्या अंकगणिताने सांगता येते. चार संख्या आणि त्यांची बेरीज लिहून ठेवली, तर पाचांपैकी कोणताही एक आकडा पुसला गेला तरी उरलेल्या चारांवरून तो काढता येतो. बेरजेचे हे काम येथे ‘पॅरिटी’ नावाची जादा नोंद करते. भागाचे मरण हा अपवाद न मानता नित्याचा प्रसंग मानणे, ही या विचारातील खरी क्रांती होती.

१९९० मध्ये ईएमसी कंपनीच्या ‘सिमेट्रिक्स’ या यंत्रणेने लहान डिस्कांचे असे कपाट मोठ्या संगणकापुढे एका मोठ्या डिस्कच्या रूपात उभे केले. पुढे यंत्रणा चालू असतानाच निकामी डिस्क ओढून काढणे आणि नवी सरकवणे सर्रास शक्य झाले. हीच सोय हळूहळू इतर भागांनाही लागू झाली. कंट्रोलरची जोडी बसवायची. एकाने दोघांचा भार उचलायचा आणि तेवढ्यात दुसरा काढून अधिक वेगवान कंट्रोलर बसवायचा. पंखे, वीजपुरवठ्याचे संच, स्मृतीच्या पट्ट्या बदलायच्या. फिरत्या तबकड्यांच्या जागी फ्लॅश स्मृती आणायची. शेवटी सारा मजकूर चालू अवस्थेतच नव्या कपाटात हलवायचा. दहा-पंधरा वर्षांनी मूळ यंत्रणेतील एकही भाग शिल्लक नसतो, तरीही मजकूर मागणाऱ्याला तो पूर्वीच्याच नावाने, पूर्वीच्याच पत्त्यावर मिळतो.

ही व्यवस्था वाटते तितकी निर्धोक नाही. ‘रेड’च्या कर्त्यांपैकी गिब्सन यांनी बियांका श्रोडर यांच्यासह सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. उत्पादकांच्या माहितीपत्रकांवरून वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क निकामी व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात बदलाव्या लागलेल्या डिस्कांचे प्रमाण सर्वसाधारणपणे २ ते ४ टक्के आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत होते. त्यातच डिस्कची क्षमता जितक्या झपाट्याने वाढली, तितका तिचा वेग वाढला नाही. २० टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या गतीने नुसती भरून काढायलाच जवळपास २८ तास लागतात, आणि त्या अवधीत दुसरी डिस्क गेली तर एका पॅरिटीचा हिशेब कोलमडतो. म्हणून दुहेरी पॅरिटीच्या रचना रूढ झाल्या. पण एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच घडणीच्या भागांचा धोका त्यांनीही पूर्णपणे टळत नाही. २०१९ मध्ये एका उत्पादकाने जाहीर केले, की आपल्या काही फ्लॅश डिस्क अंतर्गत आज्ञावलीतील दोषामुळे ३२,७६८ तास, म्हणजे सुमारे पावणेचार वर्षे, चालल्यानंतर बंद पडतील. एका संचातील अशा सर्व डिस्क एकत्रच सुरू झाल्या असतील, तर त्या जवळपास एकाच वेळी मरणार होत्या. जादा प्रती असणे पुरेसे नाही. त्या एकाच कुळातल्या नसणेही आवश्यक आहे. एकाच सदोष आदर्शावरून उतरलेल्या दहा पोथ्यांची साक्ष एकाच साक्षीइतकी धरणाऱ्या पाठचिकित्सकाला हे तत्त्व अपरिचित वाटू नये.

नूतनीकरणातील दुसरी अट सातत्याची. २००० साली बाजारात आलेल्या ‘एलटीओ’ टेपच्या पहिल्या पिढीची क्षमता १०० गिगाबाइट होती. २०२१ च्या नवव्या पिढीची १८ टेराबाइट झाली. सातव्या पिढीपर्यंतची टेपयंत्रे आपल्या आधीच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचू शकत. २०१७ च्या आठव्या पिढीत ही मर्यादा एका पिढीवर आली. दोन पिढ्या थांबणाऱ्या संग्रहाच्या टेपा शाबूत राहतात, पण नवे यंत्र त्यांना वाचत नाही. ब्रिटनमध्ये १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’च्या नवशताब्दीनिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये देशाचे नवे लोकचित्र लेसर-डिस्कवर साठवले. पंधरा वर्षांच्या आत ते वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली, आणि २००२ मध्ये लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांना जुन्या यंत्राचे अनुकरण करणारी आज्ञावली लिहून ते पुन्हा वाचनीय करावे लागले. नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्र मात्र तेव्हाही वाचता येत होते.

तरीही लेखनिकाचे उतरवणे आणि यंत्राचे उतरवणे यांत मूलभूत भेद आहे. महानुभाव परंपरेनुसार ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी ती आपापल्या स्मरणातून पुन्हा सिद्ध केली. अनेकांच्या स्मृतीत विखुरलेल्या अंशांवरून हरवलेले पुन्हा उभे करणे, हे तत्त्वतः पॅरिटीचेच काम आहे. पण स्मरणातून आलेल्या ग्रंथाला पाठभेद असतात आणि त्या भेदांतून संप्रदायाचा, बोलीचा, श्रद्धेचा इतिहास वाचता येतो. कंट्रोलर जे हलवतो ते त्याने वाचलेले नसते. त्याची नक्कल बिनचूक असेल किंवा नसेल. ती अर्थपूर्ण रीतीने चुकत नाही. एक बिट उलटला तर धारिका उघडतही नाही, किंवा उघडते आणि दोष कोणाच्याच लक्षात येत नाही. त्यामुळे प्रत्येक स्थलांतरानंतर पडताळणीच्या संख्या जुळवून पाहणे एवढीच येथील पाठचिकित्सा उरते, आणि प्रवासाची खूण संहितेच्या अंगावर उमटत नाही. ती नोंद वेगळी ठेवावी लागते.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांना या प्रश्नाची झळ लागलेली आहे. २००० नंतरच्या दशकात ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ प्रकल्पात जुनी पुस्तके मोठ्या संख्येने छायांकित झाली. त्यांत मराठी ग्रंथही होते. पुढे त्याचे मूळ संकेतस्थळ बंद पडले. लाखो ग्रंथ आज वाचता येतात ते त्यांच्या प्रती ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या परदेशी संस्थेकडे पोहोचल्या म्हणून. त्या प्रतींसोबत मूळच्या उणिवाही आल्या : रोमन लिपीत मोडतोड झालेली ग्रंथनामे, चुकीची कर्तृनामे, गाळलेली पाने. भाग बदलल्याने बिट वाचतात. नोंद सुधारण्यासाठी ती भाषा जाणणारा माणूस लागतो.

संग्रह उभारण्यासाठी अनुदान एकदाच मिळते. छायांकन होते, यंत्रे येतात, उद्घाटन होते. पाच वर्षांनी हमीची मुदत संपते, तेव्हा बदलायच्या डिस्कांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षक क्वचितच असते. मठांनी आणि भांडारांनी पोथ्या राखल्या, त्या पुन्हा उतरवून घेण्याचा खर्च आणि कष्ट हे ज्ञानव्यवहाराचे अंग मानून. संचयन-यंत्रणेतील भाग बदलणे हे त्याच कर्तव्याचे आजचे रूप आहे. ते तंत्रविभागाच्या किरकोळ खर्चात ढकलले जाते, तोवर कोणत्याही साहित्यसंग्रहाचे आयुष्य त्यातील सर्वांत जुन्या डिस्कइतकेच राहील.