जुहूचें मैदान आणि नेव्हिल व्हिन्सेंट

अंधेरी व सांताक्रूझ या स्टेशनांच्या पश्चिमेस, समुद्रापासून हांकेच्या अंतरावर जुहूचें विमानतळ आहे. १९२८ सालीं तें सुरू झालें तेव्हां तें म्हणजे खाजणाची सपाट जमीन, याहून फारसें कांहीं नव्हतें. पण मुंबई फ्लाइंग क्लबाचें शिक्षण येथेंच चाले, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांस वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानांत दिला गेलेला तो पहिला परवाना होय.

टाटांचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे. त्यांच्या जोडीदाराचें मात्र क्वचितच निघतें. नेव्हिल व्हिन्सेंट हे ब्रिटिश लष्करी हवाई दलांतले वैमानिक. नोकरी सोडल्यावर ते एका सोबत्यासह पहिल्या महायुद्धाच्या काळांतल्या बॉम्बफेकी जातीचीं विमानें घेऊन या देशांत आले. गांवोगांव उतरावें, पैसे घेऊन हौशी लोकांना आकाशांतून फिरवून आणावें, जमिनीचीं छायाचित्रें घ्यावींत, असा त्यांचा धंदा. जत्रेंतल्या पाळण्याचाच हा एक उंच प्रकार, असें कोणी म्हणेल. पण कोठें विमान उतरतें, पावसानंतर कोणतें मैदान वाळतें, घाटावर वारा कसा वाहतो, हें या भटकंतीखेरीज दुसरी कोणती शाळा शिकवणार होती?

त्या वेळीं विलायतेची हवाई टपाल कराचीपर्यंत येई व तेथून पुढें आगगाडीनें जाई. ती विमानानेंच मुंबई व मद्रासेस न्यावी, ही कल्पना व्हिन्सेंट यांनीं १९२९ सालीं टाटांपुढें मांडली. सर दोराबजींनीं दोन लाख रुपये घालण्यास संमति दिली. सरकारनें मात्र करार करण्यास १९३२ साल उजाडविलें.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं टाटा कराचीहून पस मॉथ विमानांतून निघाले. एकच इंजिन, ताशीं सुमारें शंभर मैल वेग, बिनतारी यंत्र नाहीं. खालचा किनारा व हातांतला नकाशा हाच वाटाड्या. अहमदाबादेस बैलगाडीनें आणलेलें पेट्रोल भरलें आणि दुपारीं दोनच्या सुमारास विमान जुहूस टेकलें. तेथून टपाल घेऊन व्हिन्सेंट निघाले, सह्याद्रि ओलांडून बळ्ळारीस मुक्काम केला व दुसऱ्या दिवशीं मद्रास गांठलें. कामाची ही वांटणी नीट पाहिली तर घाटमाथ्याचा अवघड भाग कोणाच्या वांट्यास आला, तें ध्यानांत येतें.

पावसाळा लागला कीं जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई. मग विमानें, वैमानिक व यांत्रिक असा सारा संसार उचलून पुण्यास न्यावा लागे. दुसऱ्या महायुद्धांत लष्करी हवाई दलानें सांताक्रूझचा मोठा तळ बांधला. १९४८ सालीं मुलकी वाहतूक तिकडे गेली, आणि जुहू मागें पडलें.

व्हिन्सेंट यांस तो दिवस दिसला नाहीं. १९४२ च्या जानेवारींत इंग्लंडहून परततांना फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ त्यांचें विमान नाहींसें झालें.

पहिल्या उड्डाणाची आवृत्ति पुढें अनेकदां झाली. खुद्द टाटांनीं १९६२ सालीं, आणि नंतर वयाच्या ७८ व्या वर्षीं, १९८२ सालीं, जुन्या लेपर्ड मॉथमधून कराची ते जुहू हा प्रवास पुन्हां केला. १५ ऑक्टोबर २०२२ रोजीं बोरिवलीच्या आरोही पंडित यांनीं तोच मार्ग धरला. एकट्यानें हलक्या विमानांतून अटलांटिक ओलांडलेली ही तरुण वैमानिक, पण या खेपेस तिनें आधुनिक दिग्दर्शक साधनें मुद्दाम बाजूस ठेविलीं. कराची आतां सरहद्दीपलीकडे असल्यानें ती भुजहून निघाली, अहमदाबादेस थांबली आणि जुहूस उतरली. पुढचा, बळ्ळारीकडचा टप्पा या तिन्ही उड्डाणांत नव्हता.