ताडपत्र ते युनिकोड : ना-नफा संस्था, तंत्रज्ञान आणि तमिळ संहिता

सेवाभावी संस्थांनी तंत्रज्ञान कसे वापरावे, हा प्रश्न बहुधा यंत्रसामग्री व निधी यांच्या परिभाषेत मांडला जातो. वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो संहितेच्या आयुष्याचा प्रश्न वाटतो. तमिळचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांनी १८८७ मध्ये ‘सीवक चिंतामणी’ हे महाकाव्य छापून प्रसिद्ध केले. मुद्रणाचे तंत्र त्यापूर्वीही उपलब्ध होतेच; परंतु ताडपत्रांवरील पाठांची तुलना करून अर्थनिश्चिती केल्यावाचून ते निष्फळ ठरले असते. या जैन काव्यातील संकेत समजून घेण्यासाठी शैव संस्कारांत वाढलेल्या अय्यरांनी कुंभकोणम येथील जैन जाणकारांचे साहाय्य घेतले. जाणकारांचा समूह आधी, यंत्र नंतर, असा हा क्रम होता.

शतकभरानंतर हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात पुढे आला. चेट्टिनाडमधील कोट्टैयूरचे संग्राहक रोजा मुत्तैया १९९२ मध्ये निवर्तले. त्यांचा ग्रंथसंग्रह शिकागो विद्यापीठाने घेतला. तथापि तो परदेशी न नेता १९९४ मध्ये मद्रास (आजचे चेन्नई) येथे त्यांच्याच नावाने संशोधन ग्रंथालय उभे राहिले. तेथे जीर्ण पुस्तकांचे सूक्ष्मचित्रण करण्यात आले. मूळ ग्रंथ त्याच्या भाषेच्या प्रदेशात राहावा आणि प्रतिमा दूरच्या अभ्यासकापर्यंत जावी, अशी तंत्र व हेतू यांची सांगड येथे दिसते.

मात्र पृष्ठाची प्रतिमा आणि शोध घेता येईल अशी संहिता या भिन्न गोष्टी होत. दुसरी सिद्ध करण्याचे कार्य १९९८ च्या पोंगलला आरंभलेल्या ‘मदुरै प्रकल्पा’ने स्वीकारले. देशोदेशीचे स्वयंसेवक विनामूल्य संहिता टंकित करतात, इतर स्वयंसेवक मुद्रिते तपासतात. प्रारंभी तमिळ फाँटांच्या संकेतप्रणाली परस्परविसंगत होत्या. तेव्हा प्रकल्पाने आधी ‘टिस्की’ ही सामाईक प्रणाली आणि पुढे युनिकोड स्वीकारले. या रूपांतराला आकर्षक असे काही नव्हते. परंतु ते केले नसते, तर वर्षानुवर्षांचे टंकन एखाद्या विस्मृत फाँटात बंदिस्त झाले असते.

ही भीती काल्पनिक नव्हे. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकावर जुळवलेली असंख्य मराठी पुस्तके निरनिराळ्या खाजगी संकेतप्रणालींत आहेत. मूळ फाँट नसलेल्या संगणकावर त्यांतील मजकूर अर्थहीन चिन्हांचा ढीग होऊन बसतो. कागदी प्रत हाती असेल तोवर निदान पुन्हा टंकन तरी करता येते. कागदही गेला, की तो उपायही खुंटतो.

म्हणूनच ना-नफा संस्थेच्या तंत्रज्ञान-वापराची कसोटी यंत्राच्या नवेपणात शोधणे इष्ट नाही. संहिता खुल्या, सामाईक संकेतप्रणालीत आहे काय? तपासणारे वाचक संस्थेशी जोडलेले आहेत काय? आणि आजचे तंत्र उद्या सोडावे लागले, तर स्थलांतराची तयारी आहे काय? पैकी तिसरा प्रश्न अनुदानाच्या अर्जांत क्वचितच आढळतो, कारण त्याचे उद्घाटन करता येत नाही. परंतु तौलनिक अभ्यासाला दोन भाषांतील संहिता शेजारी ठेवाव्या लागतात. आणि त्यांतील एक उघडतच नसेल, तर तुलनेला आरंभच होत नाही.