सक्तीची शाळा, विनामूल्य पुस्तक : बडोद्याच्या बालवाचनाचा इतिहास

१/
शिकलेली अक्षरे विसरता येतात का? येतात. तीन-चार इयत्ता शिकून मूल शेतावर गेले, घरात एकही छापील कागद नसला आणि पुढे वर्षानुवर्षे वाचण्याचा प्रसंगच आला नाही, तर त्याचे वाचन हळूहळू सुटते. या विस्मरणाशी एका हिंदी संस्थानाने विसाव्या शतकाच्या आरंभी झुंज दिली. तिचा हा धागा. स्थळ : बडोदे. #इतिहास #ग्रंथालय

२/
सूत्रधार होते महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे). जन्म १८६३, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील शेतकरी घराण्यात. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा बारा वर्षांच्या गोपाळला अक्षरओळखही नव्हती. त्यानंतर एलियट या शिक्षकाच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या भाषांचा अभ्यास सुरू झाला. १८८१ च्या अखेरीस राज्याची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली. निरक्षरता म्हणजे काय, हे या राजाला ऐकून ठाऊक नव्हते. ती त्याने स्वतः भोगली होती.

३/
१८९३ मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. मुलग्यांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा ही वयोमर्यादा ठरली. १९०६ साली ही सक्ती सबंध संस्थानाला लागू झाली. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड होई. गुरे राखणारा किंवा धाकट्या भावंडांना सांभाळणारा हात शाळेत गेला की गरीब घराची अडचण होई. त्यामुळे हा दंड लोकांना जाचत असे, हेही नोंदवले पाहिजे.

४/
या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात काय स्थिती होती? नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला, १९११ मध्ये विधेयक आणले. बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. १९१२ मध्ये ते विधेयक फेटाळले गेले. साम्राज्याला जे परवडले नाही, ते एक संस्थान करून दाखवीत होते.

५/
पण सक्तीचे वय संपल्यावर पुढे काय? दहाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडलेली मुलगी विसाव्या वर्षी काय वाचणार? गावात वाचण्याजोगे काही नसेल, तर शिक्षणावर खर्च झालेला पैसा आणि मुलांची ती वर्षे, दोन्ही वाया जाणार. बडोद्याची ग्रंथालय चळवळ या चिंतेतून उभी राहिली. तेथे ग्रंथालय हा शाळेचाच पुढचा वर्ग मानला गेला.

६/
आपल्याकडे ग्रंथालये तोवर नव्हती असे नाही. रत्नागिरीत १८२८ मध्ये, पुण्यात १८४८ मध्ये नेटिव्ह जनरल लायब्ररी स्थापन झाली होती. मात्र अशा संस्थांचा आधार सभासदांची वर्गणी हा असे. वाचणारा म्हणजे शहरातला, शिकलेला, वर्गणी भरू शकणारा प्रौढ पुरुष, असे गृहीत धरलेले होते. खेड्यातले मूल या चित्रात कोठेच नव्हते.

७/
१९०६ साली सयाजीराव अमेरिकेच्या प्रवासास गेले. वर्गणीवाचून सर्वांना खुली असलेली तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून ते प्रभावित झाले. १९१० मध्ये त्यांनी कनेक्टिकट प्रांतातील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन यांना बडोद्यास आणले आणि ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते सोपवले. बोर्डन १९१३ पर्यंत येथे राहिले.

८/
त्या तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. महाराजांनी राजवाड्यातला सुमारे २०,००० ग्रंथांचा खासगी संग्रह त्याला दिला. १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. हिंदुस्थानातील असा हा पहिला वर्ग मानला जातो. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत निघू लागले. पुस्तके जमवणे हे पहिले काम. ती वाचकाच्या हाती कशी द्यावीत, हे शिकलेला माणूस घडवणे हे दुसरे. बोर्डन यांनी दोन्ही हाती घेतली.

९/
मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग होता. बसायला त्यांच्या उंचीचे फर्निचर, पाहायला चित्रे, हाताळायला पुस्तके आणि त्यांच्या जोडीला खेळसुद्धा! छडी आणि घोकंपट्टी यांवर चालणाऱ्या शाळेच्या त्या काळात, पुस्तक ही खेळण्याशेजारी ठेवण्याची वस्तू आहे, हा विचारच नवा होता. शाळेत न जाण्याबद्दल दंड करणारे सरकार येथे मात्र मुलांना नुसते बोलावीत होते.

१०/
अर्थात संस्थानातली बहुसंख्य मुले खेड्यांत होती. तिकडचे काम पाहिले मोतीभाई अमीन यांनी. चरोतर भागातील वसो गावचे हे शिक्षक. बोर्डन येण्यापूर्वीच, १९०६ च्या सुमारास, त्यांनी ‘मित्रमंडळ’ या नावाने गावोगाव वाचनालये काढण्यास आरंभ केला होता. पुढे सरकारी खात्यात त्यांच्याकडे ग्रामीण विभाग आला. म्हणजे खेड्यातील चळवळ अमेरिकेहून आलेली नव्हती; तिचे मूळ एका गुजराती शिक्षकाच्या खटपटीत होते.

११/
ग्रामग्रंथालयाची आर्थिक रचना साधी होती. गावाने ठरावीक मर्यादेपर्यंत जेवढी रक्कम उभी करावी, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने. तीन समान हिस्से. इमारतीसाठीही हेच तत्त्व. त्यामुळे गावाला फुकटची देणगी मिळाल्यासारखे वाटत नसे आणि सगळा भार गावावरही पडत नसे. अनेक गावांत प्राथमिक शाळेचा मास्तर हाच ग्रंथपाल असे. सकाळी मुळाक्षरे गिरवून घेणारा आणि संध्याकाळी गोष्टीचे पुस्तक काढून देणारा माणूस एकच.

१२/
जेथे ग्रंथालय निघाले नव्हते, तेथे फिरते ग्रंथालय जाई. लाकडी पेटी, तीत १५ ते ३० पुस्तके. गावातील शाळेने किंवा कोणा जबाबदार व्यक्तीने मागणी करावी, पेटी यावी, वाचून परत जावी. वाहतुकीचा खर्च सरकारचा. बडोदे संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी व अमरेली हे प्रांत एकमेकांपासून तुटक होते. तरी पेट्या पोहोचत. जेथे वाचता न येणारेच अधिक, तेथे दृश्यशिक्षण विभाग मॅजिक लँटर्न आणि चलचित्रे घेऊन जाई.

१३/
पेटी आली, पण तीत मुलांसाठी घालायचे काय? मराठीत विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक १८८१ पासून, तर वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ पासून निघत होते. तरीही बालसाहित्याची एकूण शिदोरी तोकडीच. सयाजीरावांनी ग्रंथप्रकाशनासाठी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला. त्यातून ‘सयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी ‘सयाजी बालज्ञानमाला’ निघाली. गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषांत. कपाट बांधणाऱ्यानेच ते भरण्याचीही तजवीज करावी लागते, हे बडोद्याने ओळखले होते.

१४/
आता या चित्राची दुसरी बाजू. ‘विनामूल्य’ आणि ‘सर्वांना खुले’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत. अंत्यज मानल्या गेलेल्या मुलांसाठी सयाजीरावांनी शाळा काढल्या, पण त्या स्वतंत्र काढाव्या लागल्या. ज्यांना बडोद्याच्या शिष्यवृत्तीने १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोहोचवले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेतून काढले गेले आणि शहर सोडावे लागले. राज्याने उघडलेले दार समाज उंबरठ्यावर अडवू शकत होता.

१५/
सयाजीराव आणि मोतीभाई दोघेही १९३९ साली निवर्तले. तोवर संस्थानात शेकडो ग्रामग्रंथालये उभी राहिली होती. १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. इकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये, तर महाराष्ट्राने १९६७ मध्ये केला. प्राथमिक शाळेच्या कपाटाची आठवण देशाला ठळकपणे झाली ती १९८७ च्या ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ योजनेत; शाळांना द्यावयाच्या साहित्यात तेव्हा पुस्तकांचाही समावेश झाला.

१६/
आणि मग शिक्षणहक्क कायदा. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके व गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. बोर्डन बडोद्यास आले ते १९१० साली. एका संस्थानाने वाचनासाठी खाते उघडले, त्यानंतर शंभर वर्षांनी गोष्टीचे पुस्तक देशाच्या कायद्यात आले.

१७/
मात्र अनुसूचीतील एका ओळीने वाचनसंस्कृती उभी राहत नाही. बडोद्याच्या खटाटोपात चार गोष्टी एकत्र आल्या होत्या : वर्षानुवर्षे मिळणारा पैसा, मुलांच्या भाषेतली पुस्तके, सतत बदलत राहणारी पेटी आणि पुस्तक हाती देणारा माणूस. यांतली एक गळाली तरी उरते ते यादीपुरते ग्रंथालय. फाटेल, हरवेल, हिशेबात कमी येईल या भीतीने पुस्तक कुलपात ठेवले, की ते सुरक्षित राहते आणि मूल निरक्षरतेकडे परत वळते.

१८/
मित्रहो, आपल्या गावची शाळा जुनी असेल, तर तिची जुनी दप्तरे एकदा अवश्य पाहा. पटसंख्येची नोंद हमखास सापडेल. तिच्याशेजारी पुस्तके दिल्या-घेतल्याची वही सापडते का, आणि तीत मुलांची नावे आहेत का, तेही पाहा. किती मुले शाळेत आली, हे पहिली नोंद सांगते. त्यांतली किती वाचत राहिली, याचा थोडाफार माग लागला तर तो या दुसऱ्या वहीतच लागेल.