न्यूट

न्यूट : सॅलॅमँड्रिडी कुलातील लहान, शेपटी असलेला उभयचर प्राणी. प्रसार युरोप, आशिया व उत्तर अमेरिकेत. दिसायला पालीसारखा, परंतु अंगावर खवले नसतात, बोटांना नख्या नसतात.

जुन्या इंग्रजीतील ‘एफेटा’ या शब्दापासून ‘एफ्ट’ व ‘एउट’ ही रूपे आली. ‘ॲन एउट’ म्हणताना ‘ॲन’मधला ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटला आणि ‘न्यूट’ हा शब्द रूढ झाला. ‘एफ्ट’ आता जमिनीवर राहणाऱ्या अल्पवयीन न्यूटसाठी वापरतात.

विणीच्या हंगामात न्यूट पाण्यात उतरतात. युरोपातील गुळगुळीत न्यूटची मादी पाणवनस्पतीचे पान मागच्या पायांनी दुमडून त्यात एकेक अंडे ठेवते. डिंभ पिसांसारख्या बाह्य कल्ल्यांनी श्वसन करतात. तुटलेला पाय, शेपटी, एवढेच नव्हे तर डोळ्यातील भिंगही न्यूटला पुन्हा येते. उत्तर अमेरिकेतील टॅरिका प्रजातीच्या त्वचेत टेट्रोडोटॉक्सिन हे जहाल विष असते.

हान्स श्पेमान व हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूटच्या भ्रूणांवर केलेले प्रयोग १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. श्पेमान यांना १९३५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात टायलोटोट्रायटन प्रजातीचे न्यूट दार्जिलिंग व ईशान्येकडील डोंगरांत आढळतात. सह्याद्रीत शेपटीवाले उभयचर नाहीत.