पितळी लेन्स घासण्याआधी वाचा

समजा, कसालच्या एखाद्या घरात माळ्यावर जुनी पितळी कॅमेरा-लेन्स सापडली. आपल्याकडे पितळ दिसलं की हात चिंचेकडे जातो. थांबा! त्या पितळावर कारखान्यात दिलेला लाखेचा पातळ थर असतो, आणि बहुधा कोरलेला अनुक्रमांकही. रॉस, डालमेयर यांच्या लेन्सचं वय त्या आकड्यावरूनच काढतात.

योझेफ पेट्झवालने 1840 मध्ये आखलेली पोर्ट्रेट लेन्स घ्या. पुढच्या दोन काचा कॅनडा बाल्समने चिकटवलेल्या. मागच्या दोन सुट्या, मध्ये कडं. उलगडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, कारण मागची एक काच उलटी बसली की चित्र बिघडलंच. काचेच्या कडेवर कधीकधी कारागिराच्या पेन्सिलच्या खुणा असतात. बाण, आकडे असं काहीबाही. कोकणातल्या दमट हवेची बुरशी पुसायच्या नादात नेमक्या त्याच जातात. म्हणून कड कोरडी ठेवा, चिकटवलेली जोडी द्रावणात बुडवू नका.

एवढा खटाटोप कशाला? मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्येच निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद. हे घराणं मूळचं मांद्र्याचं, कसालहून फार लांबचं नाही. त्या पिढीचे फोटो संग्रहांत मिळतात, पण कोणता फोटो कोणत्या लेन्सने काढला हे कागद क्वचितच सांगतात. तिथे वस्तूच बोलते. नळीवर छिद्राची पट्टी सरकवायची खाच दिसली, तर ती खाच 1858 नंतरची; वॉटरहाउसची युक्ती त्या वर्षीची. पण जुन्या नळ्यांनाही अशा खाचा मागाहून पाडून घेत. तेव्हा एकट्या खाचेवरून लेन्सचं साल ठरवू नका, अनुक्रमांकाशी ताडून बघा.