रूळ टाकणारे आपले कैदी

युद्धकैद्यांची रेल्वे म्हटलं की थायलंडमधला क्वाय नदीचा पूल आठवतो. आमच्या मुलुंडचे कितीतरी जण टूरबरोबर जाऊन तिथे फोटो काढून येतात. पण त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी आपली मराठी माणसंही अशाच एका रेल्वेवर राबली, हे फारसं कुणी सांगत नाही.

गोष्ट पहिल्या महायुद्धातली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहावी पूना डिव्हिजन कुत-अल-अमारा गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडली. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. उपासमार, आजारपण, आणि अखेर २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे १३,००० कैद्यांत बहुतेक भारतीय. सेनापती टाउनशेंडची रवानगी इस्तंबूलजवळच्या बेटावरच्या बंगल्यात झाली. शिपायांना मात्र वाळवंटातून चालवत नेलं. त्यातले पुष्कळसे रास-अल-ऐनला पोचले, कारण बगदाद रेल्वेचे रूळ तिथे संपले होते आणि पुढचे टाकायला माणसं हवी होती. टायफस, जुलाब, अपुरं अन्न... माणसं पटापट गेली.

तो मार्ग आज तुर्कस्तान आणि सीरियाची सरहद्द आहे. तिथे जाऊन फूल ठेवणं आपल्याला कुठलं जमायला!

म्हणून मी साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीला गेलो. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान गेले, त्यांचं स्मारक तिथे आहे. त्यातलं कोण कुठे पडलं हा शोध मी घेतला नाही. हात जोडले, थोडा वेळ उभा राहिलो. गावाने निदान आपली माणसं मोजून ठेवली आहेत, एवढं समाधान वाटलं.

कारण बसऱ्याच्या स्मारकाची गोष्ट वेगळी. मेसोपोटेमियात ज्यांची कबर सापडली नाही अशा ४०,००० हून अधिक जणांसाठी ते उभारलं. त्यात गोऱ्या शिपायांची नावं कोरली, साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा! युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थच्या आयोगाने हा भेदभाव २०२१ साली कबूल केला.

शंभर वर्षांनी का होईना, कबूल केला. पण नावं कुठून आणायची? थोडीफार आपल्याच ट्रंकांमध्ये असतील. मावशी, काका, दादा, गावच्या घरी पणजोबांचं एखादं पदक, पेन्शनचा कागद, त्यावर बसरा नाहीतर बगदाद दिसलं, तर भंगारात टाकू नका. नाव, गाव, पलटण लिहून ठेवा आणि मलाही कळवा.