सहा जणांचा वंश

अ‍ॅक्सोलॉटलची मादी पाणवनस्पतीच्या पानांवर एकेक अंडं चिकटवत जाते. सकाळी टाकीत डोकावावं तर शेकडो पारदर्शक मणी लटकलेले. या मण्यांचं मूळ शोधत मागे गेलं की आपण 1864 च्या पॅरिसला पोचतो.

न्यूटच्या गोतावळ्यातला हा सॅलॅमँडर मेक्सिको सिटीलगतच्या तळ्यांतला. बळी जायच्या भीतीने शोलोट्ल हा देव पाण्यात दडला तो याच रूपात, असं तिथली जुनी कथा सांगते. तिथून 34 जनावरं फ्रान्सला आली. त्यांतली सहा, पाच नर आणि एक मादी, प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरीलकडे गेली. 1865 मध्ये त्यांची वीण झाली, आणि काही पिल्लांचे पिसांसारखे कल्ले चक्क आक्रसून गेले. ती जमिनीवर जगू लागली. आईबाप मात्र जन्मभर पाण्यातच! द्युमेरील थक्क झाला. पुढे ही संतती युरोपभर पसरली. त्यात प्रयोगशाळांइतकाच हौशी टाकीवाल्यांचा हात होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

1962 मध्ये अमेरिकेत संशोधक रुफस हम्फ्रीने वर्णहीनतेचा गुण आणण्यासाठी या वंशात टायगर सॅलॅमँडरचं रक्त मिसळलं. आज दुकानात दिसणाऱ्या सोनेरी पिल्लाचं कुळ तिथवर जातं.

कायदा उशिरा आला. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात अ‍ॅक्सोलॉटल आहे, म्हणजे देशाबाहेर न्यायचा तर परवाना हवा. आपल्या वन्यजीव कायद्यात 2022 च्या दुरुस्तीने अशा परदेशी जाती आल्या. 2024 च्या नियमांनुसार पुण्या-मुंबईतल्या हौशी माणसालाही ‘परिवेश’ पोर्टलवर आपल्या जनावराची नोंद करावी लागते. पिल्लं झाली तर तीही कळवायची. मे महिन्यात पाणी वीस अंशांखाली ठेवताना मेटाकुटीला आलेल्याला हा वर आणखी जाच वाटेल. पण कोण कुणाच्या पोटचं हे लिहून ठेवणं मला पाणी गार ठेवण्याइतकंच गरजेचं वाटतं.

कारण मूळ घर रिकामं होत चाललंय. मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत 1998 साली चौरस किलोमीटरला सुमारे 6000 अ‍ॅक्सोलॉटल होते. 2014 मध्ये 36. शहराचं सांडपाणी आलं, बाहेरून सोडलेले तिलापिया आणि कार्प मासे अंडी-पिल्लं खात सुटले. टाक्यांतली रंगीबेरंगी, मिश्र रक्ताची संतती तिथे सोडून चालणार नाही.

तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या संशोधकांनी मात्र स्वतःकडे वाढवलेले 18 अ‍ॅक्सोलॉटल, छोटे ट्रान्समीटर बसवून, मोकळ्या पाण्यात सोडले. जे पुन्हा हाती लागले, त्यांचं वजन वाढलेलं होतं.